उशिराच्या विमानातला उपमा

समजा, जानेवारीतली सकाळ आहे आणि तुम्ही सातच्या मुंबई–दिल्ली विमानाचे प्रवासी आहात. तिकिटात नाश्ता धरलेला आहे. दिल्लीत धुकं पडलंय, त्यामुळे गेटवरच्या पाटीवर सातचे साडेसात होतात, मग आठ, मग पावणेनऊ. काचेतून विमान समोर दिसतंय. त्याच्या उजव्या अंगाला एक उंच पेटीची गाडी येऊन लागली होती, ती निघूनही गेली. म्हणजे खाणं विमानात चढलेलं आहे. तुम्ही काचेच्या अलीकडे, नाश्ता पलीकडे, आणि काउंटरवरची मुलगी सांगते, "सर, अपडेट आलं की अनाउन्स करू."

अशा वेळी गेटवर जो राग जमतो त्यात एक ठरलेला आरोप असतो: कंपनी खायला घालायला कंजुषी करते आहे. कधी कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त असते. विमान किती वाजता सुटणार हे पक्कं ठाऊक असेल तर चार तासांच्या उशिरातही सगळ्यांना नीट जेवू घालता येतं. अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकणाऱ्या उशिरात मात्र एक सँडविच द्यायचं म्हटलं तरी सगळे अडखळतात. असं का होतं ते समजून घ्यायचं तर त्या उपम्याच्या मागोमाग जायला हवं, तेही आदल्या दिवसापासून.

विमानातलं अन्न विमानात शिजत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते त्या दिवशी सकाळीही शिजलेलं नसतं, हे थोड्यांना माहीत असतं. विमानतळाच्या आसपास फ्लाइट किचन नावाचे कारखानेच असतात. मुंबईत ताजसॅट्स, ओबेरॉय, अ‍ॅम्बॅसेडर ही त्यातली जुनी नावं. ताजचा हा धंदा १९७० च्या दशकातला, आणि त्यात सिंगापूरच्या सॅट्स कंपनीची भागीदारी २००१ मध्ये आली. एकाच छपराखाली अनेक कंपन्यांचं जेवण तयार होतं. शाकाहारी आणि मांसाहारी विभाग वेगळे, बेकरी वेगळी, भांडी धुण्याचं दालन तर एखाद्या गोदामाएवढं, कारण आलेल्या प्रत्येक विमानाच्या ट्रॉल्या, ट्रे, काटे-चमचे धुऊन पुन्हा त्या त्या कंपनीच्या मापाने लावायचे असतात.

इथे अन्न शिजतं ते लगेच खाण्यासाठी नाही. उपमा, ऑम्लेट, पनीर, भात जे काही असेल ते पूर्ण शिजवायचं, पदार्थाच्या मधोमध तापमापकाची सळई खुपसून आतपर्यंत उष्णता पोचली याची खात्री करायची, आणि मग ते ब्लास्ट चिलर नावाच्या कपाटात ढकलायचं. त्यात थंडगार वारा जोरात फिरत असतो. काही तासांच्या आत पदार्थ पाच अंश सेल्सिअसपर्यंत उतरवायचा असतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांचं गणित सोपं आहे: गरम ठेवायचं तर साठ अंशांच्या वर, गार ठेवायचं तर पाचच्या खाली. मधला सगळा पट्टा जंतूंचा. तिथे अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. म्हणून पातेल्यातून उतरवलेला उपमा कोमट होईपर्यंत ओट्यावर ठेवायची सोय या स्वयंपाकघरात नाही. घरी आपण बिनदिक्कत करतो ते इथे गुन्हा.

गार झालेला उपमा थंड दालनात वजन करून अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या डब्यांत भरला जातो. धंद्यातले लोक त्याला कॅसरोल म्हणतात. त्या डब्यावर किंवा डब्यांच्या रॅकवर तारखेची, बहुधा वाराच्या रंगाची चिकटपट्टी. फळं, पाव, लोणी, दही यांचा ट्रे वेगळा लागतो. कॅसरोल ओव्हनच्या रॅकमध्ये, ट्रे ट्रॉलीत, आणि दोन्ही शीतगृहात. उपम्याचं घड्याळ सुरू झालं ते ब्लास्ट चिलरमध्ये. तुमच्या विमानाला उशीर झाला काय आणि न झाला काय, त्या घड्याळाला त्याची खबर नसते.

किती डबे भरायचे हा दुसरा प्रश्न. विमान कंपनी किचनला आधी बुकिंगवरून अंदाज कळवते, आदल्या दिवशी तो सुधारते, आणि सुटण्याच्या काही तास आधी पक्का आकडा देते. शेवटच्या क्षणी आलेल्या प्रवाशांसाठी छोट्या गाडीतून वरची भर घातली जाते, तिला टॉप-अप म्हणतात. जैन, मधुमेही, लहान मूल, कोशर अशा खास जेवणांची मागणी सहसा निदान चोवीस तास आधी लागते. त्यांना जगभर चार अक्षरी संकेत आहेत. जैन जेवणाचा व्हीजेएमएल, मधुमेह्याचा डीबीएमएल. या डब्यांवर नाव आणि आसन क्रमांक असतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

मग पदार्थ कोणता, हे कशावरून ठरतं? सुटण्याच्या छापील वेळेवरून. पहाटेपासून सकाळच्या एका ठरावीक वेळेपर्यंत नाश्ता, त्यानंतर दुपारचं जेवण, मग चहाच्या वेळचं खाणं, मग रात्रीचं. प्रत्येक कंपनीची सीमारेषा थोडी वेगळी. सातचं विमान म्हणजे नाश्ता, आणि ते दुपारी बाराला उडालं तरी त्यात चढलेलं सामान नाश्त्याचंच असतं. दुपारी साडेबाराला भुकेल्या माणसांसमोर उपमा आणि फळांचे काप येतात ते यामुळे. लग्नाचा मुहूर्त टळला तरी आचाऱ्याने चढवलेला भात थांबत नाही, तसंच हे.

गाडीकडे वळू. तिला हाय-लोडर म्हणतात. कात्रीसारख्या पायांवर तिची पेटी वर उचलली जाते आणि विमानाच्या उजव्या दाराला टेकते. प्रवासी डाव्या दाराने चढतात म्हणून सामान उजवीकडून, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी होतात. किचनमधून निघताना ट्रॉल्यांना आणि गाडीला सील लागतं. विमानात जाणारं खाणंपिणं हा सुरक्षेचा विषय आहे, त्यामुळे तपासणी, सीलचे क्रमांक, कागद, सही हे सगळं होतं. अमेरिकेत २०१४ च्या जुलैमध्ये डेनव्हरला निघालेलं फ्रंटियर कंपनीचं एक विमान वादळामुळे वायोमिंगमधल्या शायेन इथे उतरवावं लागलं, तेव्हा वैमानिकाने स्वतःच्या खर्चाने पिझ्झा मागवून प्रवाशांना खाऊ घातले. त्याचं जगभर कौतुक झालं. आपल्याकडे असं करायला वैमानिकाचं मन मोठं असून भागणार नाही. पिझ्झावाल्याची दुचाकी विमानतळाच्या कुंपणापाशीच थांबेल.

ट्रॉल्या विमानात चढल्या की त्या गॅलीत, म्हणजे विमानाच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, खणाखणांत बसतात. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत त्या खणांना गार ठेवणारी यंत्रणा असते. मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावर धावणाऱ्या एकाच बोळाच्या विमानात ती बहुतेकदा नसते. तिथे गारवा टिकवतो तो सुका बर्फ. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा, जो वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. तो हवा तेवढा भरता येत नाही, कारण बंद विमानात कार्बन डायऑक्साइड साठणं धोक्याचं. म्हणजे मोजका बर्फ, मोजके तास. वेळेवर सुटणाऱ्या विमानाला तो पुरून उरतो. उशीर झाला की उपम्याच्या घड्याळाची टिकटिक आता ऐकू येईल इतकी मोठी होते.

ही काळजी अवाजवी वाटत असेल तर १९७५ सालची एक घटना सांगतो. जपान एअरलाइन्सचं एक जंबो विमान टोकियोहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे आणि डेन्मार्कच्या कोपनहेगनमार्गे पॅरिसला चाललं होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, ३४४ प्रवासी. कोपनहेगनला उतरण्याच्या थोडं आधी नाश्त्याला हॅम घातलेलं ऑम्लेट वाढलं. तासाभरात लोक उलट्या आणि जुलाबांनी आडवे होऊ लागले. १९६ प्रवासी आजारी पडले, १४३ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. शोध घेतला तेव्हा माग अँकरेजच्या स्वयंपाकघरात पोचला. तिथल्या एका स्वयंपाक्याच्या बोटांवर पिकलेले फोड होते आणि हॅम त्याच हातांनी लावलेलं होतं. तेवढ्याने इतका अनर्थ झाला नसता. पण ते अन्न आधी कित्येक तास नुसतं बाहेर राहिलं, नंतरही पुरेसं गार नसलेल्या जागी रात्रभर राहिलं. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूला वाढायला आणि विष तयार करायला एवढा वेळ भरपूर झाला. विमानातल्या ओव्हनमध्ये ऑम्लेट गरम केलं तेव्हा जंतू मेले असतीलही, विष तसंच राहिलं. ते उष्णतेला दाद देत नाही.

या हकिगतीत वेळेचा आणखी एक खेळ आहे. वैमानिक अँकरेजला बदलले होते. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने ती नाश्त्याची वेळ नव्हती, त्यामुळे त्यांनी ऑम्लेट न खाता जेवणातलं स्टेक खाल्लं, असं सांगितलं जातं. नाहीतर कोपनहेगनला विमान उतरवायचं कोणी? दोन वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नाही, ही अनेक कंपन्यांतली पद्धत अशा भीतीतूनच पक्की झालेली आहे.

तेव्हा "एवढं काय, पुन्हा गरम करून द्या की" या सूचनेला उत्तर १९७५ मध्येच मिळालेलं आहे.

आता पुन्हा आपल्या गेटवर. विमानाला उशीर होणार हे कळल्यावर कंपनीच्या नियंत्रण कक्षात खाण्याबद्दल तीनच पर्याय असतात. चढलेलं अन्न तसंच राहू द्यायचं. ते उतरवून किचनच्या शीतगृहात परत न्यायचं. किंवा टाकून देऊन नवं मागवायचं. तासाभराचा उशीर असेल तर पहिला. सहा तासांचा असेल तर तिसरा, आणि मग पदार्थही बदलून जेवण चढवता येतं. पण पाटीवर दर वेळी अर्धा तासच वाढत असेल तर? प्रत्येक अर्ध्या तासाला पहिलाच पर्याय बरोबर दिसतो. हाय-लोडर परत बोलवायचा, ट्रॉल्या उतरवायच्या, नव्या चढवायच्या, यात मोकळी गाडी मिळाली तरी सहज तासभर जातो, आणि नेमक्या त्याच वेळी दिल्लीतलं धुकं निवळून सुटायची परवानगी आली तर विमान रांगेतला नंबर गमावेल. उपम्यासाठी नंबर घालवला असं नंतर कोणाला सांगणार? म्हणून कोणीच निर्णय घेत नाही, आणि निर्णय न घेता चार तास जातात.

ही अनिश्चितता कंपनीच्या हातात असतेच असं नाही. दिल्लीत धुकं असलं की एका तासात किती विमानं उतरवायची यावर मर्यादा येते, आणि मुंबई, पुणे, गोव्याहून निघणाऱ्या विमानांना जमिनीवरच थांबवून सुटण्याची नेमकी वेळ ठरवून दिली जाते. हवेत घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा ते शहाणपणाचं. पण ती वेळ पुढे जाते तशी मागेही येते. दहा वाजता सुटायचं ठरलेलं विमान साडेनऊलाच सोडा, असा निरोप येऊ शकतो. त्यामुळे प्रवाशांना लवकर चढवून, दारं लावून तयार बसवण्याकडे कल असतो.

आणि दारं लागली की नाश्ता पन्नास मीटरवरून पाच मीटरवर येतो, तरी मिळत नाही. हा भाग सर्वात संतापजनक, म्हणून जरा सावकाश पाहू. कॅसरोल गरम व्हायला वीसेक मिनिटं लागतात. दीडशे-पावणेदोनशे माणसांना ट्रे द्यायला, चहा-कॉफी ओतायला आणि रिकामे ट्रे गोळा करायला पाऊण तास ते तास. एवढ्या वेळात विमान हलवायचं झालं तर बोळातली भरलेली ट्रॉली, उघडे टेबल, गरम चहा यातलं काहीच चालत नाही. विमान हलण्याआधी सगळं जागच्या जागी कुलूपबंद हवं, कारण जोरात ब्रेक लागला तर शंभर किलोच्या आसपासची ट्रॉली बोळातून सुसाटत जाईल. म्हणजे एकदा वाढायला घेतलं की निदान तासभर विमान अडकलं. शिवाय जमिनीवर वाढून टाकलं तर हवेत द्यायला काही उरत नाही. म्हणून कर्मचारी पाण्याचे पेले आणि फार तर बिस्किटं फिरवतात. अनुभवी कॅप्टन मात्र नियंत्रण कक्षाला स्पष्ट विचारतो, "तासाभरात हलवणार नाही ना?" होकार मिळाला तर जमिनीवरच वाढायला सांगतो. तसे कॅप्टन आहेत, आणि त्यांच्या विमानातली भांडणं कमी होतात.

नियम काय म्हणतो? आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, उशीर आणि रद्द होण्याबद्दल कंपन्यांना जे बंधन घातलं आहे त्यात प्रवासाच्या लांबीप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ अडीच तासांपर्यंत असेल, म्हणजे मुंबई–दिल्ली, पुणे–बंगळुरू वगैरे, तर दोन तास किंवा जास्त उशीर अपेक्षित असल्यास खाणंपिणं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांचा उशीर, आणि त्याहून लांबच्या, म्हणजे मुंबई–लंडनसारख्या प्रवासाला चार तासांचा. प्रवासी वेळेवर चेक-इन झालेला असला पाहिजे. तिकीट स्वस्त होतं, तिकिटात जेवण नव्हतं, हे कारण इथे चालत नाही. हे खाणं तिकिटातलं नाही, वाट पाहण्याबद्दलचं आहे. उशीर चोवीस तासांच्या वर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांच्या वर असेल तर हॉटेलही. धुकं कंपनीने पाडलेलं नसतं म्हणून रोख भरपाई टळते, खाणं टळत नाही.

या नियमातला माझ्या मते सर्वात नाजूक शब्द "अपेक्षित" हा आहे. कंपनीला किती उशीर अपेक्षित आहे, त्यावर बंधन सुरू होतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचा उशीर जाहीर करत गेलं तर कागदावर दोन तास कधी "अपेक्षित" होते ते सांगणं अवघड. हे मुद्दाम केलं जातं असं मी म्हणणार नाही. नियंत्रण कक्षालाही बहुतेकदा पुढचा अर्धा तासच दिसत असतो. परिणाम मात्र तोच. युरोपचा २००४ चा नियमही शब्दाने जवळपास असाच आहे: कंपनीला रास्तपणे अपेक्षित असलेला उशीर, आणि प्रवासाच्या अंतराप्रमाणे दोन, तीन, चार तास. तिथे २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी उफाळून आठवडाभर विमानं बंद पडली, तेव्हा रायनएअरने एका प्रवासी महिलेच्या जेवणा-राहण्याचा खर्च नाकारला. युरोपच्या न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की ज्वालामुखी असला तरी जेवू घालण्याची जबाबदारी संपत नाही. अमेरिकेने वेगळी वाट धरली. २००७ च्या व्हॅलेंटाइन दिवशी न्यूयॉर्कला हिमवादळात जेटब्लूची विमानं धावपट्टीलगत तासन्तास अडकून पडली, त्यातून २०१० पासून नियम आला: प्रवासी भरलेलं विमान जमिनीवर अडकलं तर दोन तासांच्या आत खाणं आणि पाणी दिलंच पाहिजे, आणि देशांतर्गत प्रवासात तीन तासांच्या आत उतरण्याची संधीही. इथे "अपेक्षित" हा शब्दच नाही, घड्याळ सरळ चालतं. खाणं म्हणजे एक छोटा बार दिला तरी नियम पाळला जातो, हा भाग वेगळा. तरी वाद कमी होतात.

आपल्याकडची सगळ्यात गाजलेली हकिगत गोवा आणि मुंबई दोघांनाही चिकटलेली आहे. १४ जानेवारी २०२४ ला गोव्याहून दिल्लीला जाणारं इंडिगोचं विमान आधीच तासन्तास उशिरा निघालं होतं, दिल्लीच्या धुक्यामुळे ते मुंबईला वळवलं गेलं आणि टर्मिनलपासून दूरच्या जागेवर उभं केलं गेलं. प्रवासी खाली उतरले, बसमध्ये चढायला तयार झाले नाहीत, आणि विमानाशेजारीच, इंजिनांच्या आणि गाड्यांच्या वर्दळीत, जमिनीवर बसून जेवले. चित्रफीत दुसऱ्या दिवशी घरोघरी पोचली. विमान सुरक्षा विभागाने इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड केला, मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला सुरक्षा विभाग आणि डीजीसीए मिळून ९० लाखांचा. गंमत बघा, खाण्याच्या कलमापुरतं पाहिलं तर इथे खाणं दिलं गेलं होतं. चुकली ती जागा. दूरच्या जागेवर उभ्या विमानाशेजारी शौचालय नाही, बसायला खुर्ची नाही, आणि टर्मिनलमध्ये गेलं तर विमान आपल्याला सोडून जाईल ही भीती. त्याच आठवड्यात डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की तीन तासांहून जास्त उशीर होणार असं दिसत असेल तर विमान आधीच रद्द करता येईल. खाण्याच्या दृष्टीने हे वाटतं त्याहून चांगलं आहे: रद्द म्हणजे निदान निर्णय झाला.

धुक्याच्या दिवशी किचनमध्ये काय चालतं, ते क्वचित कोणी लिहितं. शीतगृहाचा आकार विमानं वेळेवर सुटतात या गृहितावर ठरलेला असतो. सकाळी पाचच्या विमानांचं गेलं की आठच्याचं तिथे ठेवायचं. पाचचं गेलंच नाही तर आठच्याचं कुठे ठेवणार? ट्रॉल्या गाड्यांत भरून उभ्या राहतात, गाड्या अडकल्या म्हणून पुढच्या विमानांना गाड्या नाहीत. दुपारी धुकं निवळलं की सगळ्यांना एकदम गाडी हवी असते. त्यात कंपनीने दोन अर्धी विमानं एकत्र केली किंवा मोठ्याच्या जागी छोटं विमान लावलं तर गॅलीचे खण बदलतात, आकडे बदलतात, आणि नाव-आसन लिहिलेले खास डबे भलत्याच विमानात जातात. उशिराच्या दिवशी सगळ्यात आधी हरवतं ते मधुमेह्याचं आणि जैनांचं जेवण. परतीचं जेवणही अनेकदा इथूनच चढतं. ज्या छोट्या गावी फ्लाइट किचन नाही तिथून परत येणाऱ्या प्रवाशांचा नाश्ता मुंबईहूनच दुसऱ्या ट्रॉलीत बसून गेलेला असतो. सकाळचा उशीर त्या दुसऱ्या ट्रॉलीला दुप्पट भोवतो.

जैन जेवणाची आणखी एक गाठ आहे. सूर्यास्तानंतर न जेवणारा प्रवासी साडेचारच्या विमानाचं तिकीट घेतो तेव्हा हिशेब करून घेतो. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. वेळेवर सुटलं तर पाच-सव्वापाचला ट्रे समोर. दीड तास उशीर झाला की डबा आहे, नाव बरोबर आहे, पदार्थ बिनकांद्याचा आहे, आणि तो उघडायचा नाही. आखाती कंपन्यांनी रमजानपुरता हा प्रश्न सोडवला आहे: एमिरेट्ससारख्या कंपन्या विमानाची जागा आणि उंची धरून रोजा सोडण्याची वेळ काढतात, आणि ती कॅप्टन जाहीर करतो. उशीर झाला की वेळ नव्याने काढली जाते. सूर्यास्ताआधी डबा गेटवरच हातात देण्याइतकी सोपी गोष्ट आपल्या कंपन्यांनी करायला हरकत नसावी.

गारवाच गेला तर काय, याचं उदाहरण २०२३ च्या जुलैचं. कॅरिबियन बेटांवरून लंडनला जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानातल्या ट्रॉल्या नीट गार राहिल्या नव्हत्या. सगळं जेवण टाकून द्यावं लागलं. वाटेत नसाऊला थांबा होता, तिथे कर्मचाऱ्यांनी केएफसीच्या तळलेल्या कोंबडीच्या बादल्या विकत घेतल्या आणि रात्रभराच्या प्रवासात वाटल्या. माणशी एकेक तुकडा आला. छायाचित्रांवर लोक हसले. माझ्या मते कर्मचाऱ्यांनी बरोबरच केलं: कोमट झालेली ट्रॉली न वाढणं हा त्या रात्रीचा सर्वात शहाणा निर्णय होता.

या सगळ्यातून सुटलेला पदार्थ एकच, तोही उपमाच. कमी खर्चाच्या विमानांत कागदी पेल्यात कोरडा उपमा किंवा पोहे मिळतात, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. त्याला ब्लास्ट चिलर नको, सुका बर्फ नको, ओव्हन नको. उशीर दोन तासांचा असो की दोन दिवसांचा, त्याचं घड्याळ महिन्यांत चालतं. उरलेले पेले दुसऱ्या दिवशीच्या विमानात विकता येतात, तर परतलेला गरम नाश्ता थेट कचऱ्यात जातो. चवीबद्दल मतभेद असू शकतात. पण धुक्याच्या दिवसांत कंपन्यांनी गेटवर हेच पेले आणि गरम पाण्याची टाकी ठेवली, तर पाटीवर वेळ कितीही वेळा बदलली तरी कोणाला काही ठरवावं लागणार नाही.

तोवर, दोन तास उलटले असतील तर काउंटरवर "खाणं कधी देणार" असं न विचारता "नवी अपेक्षित वेळ काय, आणि ती कधी नोंदली" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर लेखी किंवा मेसेजवर मिळालं की कूपन सहसा मागोमाग येतं. मधुमेह असेल तर डीबीएमएलच्या भरवशावर राहू नये. दशमी, चिवडा, शेंगदाणे हातातल्या सामानातून सुरक्षा तपासणीत सहसा अडत नाहीत. आणि विमानात चढल्यावर, दार लागण्याआधी, पाण्याची बाटली भरलेली आहे ना ते पाहून घ्यावं.